मुलाखतीचा पांढरा शर्ट

माझ्या भावाला लॅटिन येतं. असं कुणाला सांगितलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "त्याचा उपयोग काय?" पूर्वी राग यायचा. आता मीच आधी सांगून टाकते की काडीचा उपयोग नाही. रोम बुडालं, लॅटिन बोलणारे मेले, आणि नागावच्या पुढे खाडीच्या अंगाला असलेल्या आमच्या बौद्धवाडीत एक माणूस उरलाय, ज्याला त्या मेलेल्या लोकांचे पांढऱ्या रंगाचे दोन शब्द लिंगवचनासकट पाठ आहेत.

मी सुचिता. उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे, म्हणजे गावच्या भाषेत नर्सबाई. बाळांना सुया टोचायच्या, गरोदर बायांना गोळ्या खाल्ल्या का म्हणून दम द्यायचा, आणि मीटिंगला अलिबागला जाऊन स्वतः दम खायचा, हा माझा धंदा. तोंडाची फटकळ आहे असं सगळा गाव म्हणतो. माझा नवरा विनेश एसटीत कंडक्टर आहे, त्यालाही माझ्यापुढे तिकीट फाडता येत नाही. असू दे. अजितच्या वाटणीचं बोलणंही मलाच करावं लागतं, कारण तो बोलतच नाही.

अजित माझा धाकटा भाऊ. पंचेचाळिशीला आलाय. वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झालाय, आणि आयुष्यात त्याला एकच गोष्ट हवी होती, कॉलेजात पर्मनंट जागा. फार मोठं काही मागत नव्हता. चार भिंतींचा वर्ग, फळा, झाडाची फांदी हातात, आणि समोर ऐकणारी पोरं. एवढंच.

या लॅटिनचं खूळ त्याच्या डोक्यात आमच्या बाबांच्या कामामुळे शिरलं. बाबांचं नाव धाकू. ते नागावला एका मुंबईच्या शेठच्या वाडीत माळी होते. शेठ हौशी होता. त्याने झाडाझाडाला जस्ताच्या पट्ट्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर इंग्रजी अक्षरांत झाडांची नावं घातली होती. सुट्टीत अजित बाबांबरोबर जायचा आणि पट्ट्या वाचत फिरायचा. चंदनाच्या झाडावर होतं सँटालम आल्बम. तुतीवर होतं मोरस आल्बा. त्याने बाबांना विचारलं, एकाला आल्बम आणि एकाला आल्बा, असं का? बाबा म्हणाले, "त्येंचं त्येंना ठावं. तू पाईप धर."

त्याने पाईप धरला, पण प्रश्न सोडला नाही. कॉलेजात गेल्यावर एका म्हाताऱ्या सरांनी त्याला उत्तर दिलं, आणि हा गडी संध्याकाळी घरी येऊन थेट धुण्याच्या दगडापाशी उभा राहिला. मी आणि आई कपडे धूत होतो.

"ताई, आल्बस म्हणजे पांढरा," तो म्हणाला. "पण तो शब्द नावाप्रमाणे बदलतो. पुल्लिंगी नाव असेल तर आल्बस, स्त्रीलिंगी असेल तर आल्बा, नपुंसकलिंगी असेल तर आल्बम. आपण म्हणतो ना, पांढरा बगळा, पांढरी साडी, पांढरं फूल? अगदी तस्संच."

"मग त्यांनी आपलंच चोरलं की," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याला अशा गोष्टीत थट्टा कळत नाही. म्हणाला, "मौज पुढेच आहे. फायकस म्हणजे वडापिंपळाचं कूळ. शेवट बघितलास तर पुल्लिंगी वाटतो. पण आपल्या बोधिवृक्षाचं नाव फायकस रिलिजिओसा. विशेषण बाईचं. रोमन लोक झाडं ही बाईमाणसंच धरायचे, नाव कसंही असलं तरी."

आई पिळा घालता घालता थांबली. आमची आई, जनी, शाळेची पायरी चढली नाही, पण तिला बोलायला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणाली, "बराबर हाय त्येंचं. उन्हात हुबी ऱ्हातात, फळं देतात, आन् कुऱ्हाड बी त्यांच्यावरच पडते."

मग दुसरा पांढरा आला. रोमन लोकांकडे म्हणे पांढऱ्याला दोन शब्द होते. आल्बस म्हणजे नुसता पांढरा, चुन्याच्या भिंतीचा, म्हाताऱ्याच्या केसांचा. दुसरा कँडिडस, म्हणजे ज्यात उजेड आहे असा पांढरा. तोही तसाच बदलणार, कँडिडस, कँडिडा, कँडिडम. हा शब्द निघाला कँडेरे या धातूवरून, म्हणजे झळकणं, तापून लखलखणं. मेणबत्तीची कँडल त्यातलीच. आणि सगळ्यात शेवटी त्याने आमच्यापुढे ठेवणीतला लाडू काढावा तसं सांगितलं, की आपल्या चंद्राचं आणि त्या कँडिडसचं मूळ एकच आहे.

"म्हंजे चांदण्यावानी पांढरं," आई म्हणाली.

"बरोब्बर, आई."

तेव्हा मी नर्सिंगला होते, म्हणून मलाही जरा शहाणपण पाजळायचं होतं. मी म्हटलं, "बाळांच्या तोंडात पांढरा थर धरतो ना, ज्याला आम्ही जांभळं औषध लावतो, त्याचं नाव कँडिडा अल्बिकन्स. तुझे दोन्ही पांढरे एकाच नावात, आणि तो निघाला रोग. काही चांगलं ठेवलंय का रे त्यांनी त्या शब्दाचं?"

तो म्हणाला, "कँडिडेट."

रोममध्ये कुणाला सरकारी पद हवं असलं, की तो माणूस आपला अंगरखा खडूने घासून लखलखीत पांढरा करायचा आणि तो घालून लोकांपुढे जायचा. त्या झळकत्या पांढऱ्या कपड्यावरून त्याला म्हणायचे कँडिडाटुस, म्हणजे पांढरा केलेला, पांढऱ्या वस्त्रातला. तोच पुढे कँडिडेट झाला. आई हे फार मन लावून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने फक्त विचारलं, "मंग त्येला ती जागा मिळायची?"

"कुणाला मिळायची, कुणाला नाही," अजित म्हणाला.

आमच्यात पांढऱ्याला मान आहे. आमच्या आज्याने दीक्षा घेतली तेव्हापासून. लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, विहारात वंदनेला पांढरं, चौदा एप्रिलला पांढरं, आणि माणूस गेलं तरी पांढरं. दुसऱ्या समाजातली माणसं आमच्या लग्नाला आली की आधी दचकतात, मग जेवतात. त्यामुळे मोठं काम असलं की पांढरं घालायचं, हे आईला रोमहून कुणी कळवायची गरज नव्हती. पण त्या दिवशी तिला वाटलं, की जगभर असंच आहे. आणि तिने ठरवूनच टाकलं, अजितच्या मुलाखतीचा शर्ट पांढरा असेल, आणि तो ती धुईल.

आईची धुण्याची एक रीत आहे. बाटलीतली नीळ ती वापरत नाही. निळीची पूड लागते. ती हल्ली कुठे मिळत नाही, विनेश माणगावच्या बाजारातून हुडकून आणतो. पूड फडक्यात बांधून तिची पुरचुंडी करायची, बादलीतल्या स्वच्छ पाण्यात ती फिरवायची, आणि मग स्वतःचा तळहात पाण्यात पालथा नाही, उताणा धरायचा. हाताच्या रेषा निळसर झाल्या पण साफ दिसतायत, तर नीळ बेताची. रेषा बुडाल्या तर जास्त. हे तिने तिच्या सासूकडून घेतलं आणि मला शिकवलं, मी वॉशिंग मशीन घेतलं आणि विसरले.

तर त्या शर्टाने बघितलेल्या मुलाखती मी मोजल्या नाहीत. शर्ट विरले, आईने नवे आणवले. कुठे खोपोली, कुठे पनवेल, कुठे पार रत्नागिरी. अजित प्रत्येक वेळी वंदना करून, आईच्या पाया पडून निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा. "काय झालं रे?" "कळवतील." कुणी कळवलं नाही. कधी जागाच रद्द झाली, कधी आतला माणूस आधीच बसलेला, कधी पैशाची भाषा. दरम्यान तो एका कॉलेजात तासावर शिकवत राहिला. नाव घेत नाही, घेऊन काय दिवे लागणारेत. तासावर म्हणजे काय, तर सुट्टी लागली की तू कोण आणि आम्ही कोण. स्थळं यायची. पोरीचा बाप चहा प्यायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "पर्मनंट का?" कप खाली ठेवेपर्यंत स्थळ मोडलेलं असायचं. पुढेपुढे अजितनेच सांगितलं, ताई, आता नको कुणाला चहाला बोलावूस.

एकदा मी चिडून म्हटलं, "सोड ना हे. दुसरं काही कर. उमेदवारी करून करून केस पिकले तुझे."

तर म्हणतो कसा, "बघ ना ताई. लॅटिनमध्ये त्या माणसाचं नाव कपड्यावरून पडलं. आपल्याकडे उमेदवार. उमेद आहे तो." मी कपाळाला हात लावला. घर जळतंय आणि हा वाशांची जात सांगतोय.

मग आईचे डोळे गेले. म्हणजे गेले नाहीत, मोतीबिंदू आला, दोन्ही डोळ्यांत. मी नर्स. माझ्या हातून शेकडो म्हाताऱ्या कॅम्पला गेल्या आणि बघत परत आल्या. आणि माझीच आई म्हणे, "अजित पर्मनंट झाला म्हंजे करीन. नव्या डोळ्यांनी त्येला बघीन."

"आई, हा नवस झाला," मी म्हटलं. "आपल्यात नवस नाहीत. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत तुला, आणि हे काय काढलंस?"

"नवस न्हाय. नवस देवाला बोलत्यात. म्या कुनाला बोल्ले? म्या ठरीवलंय."

आडमुठेपणा आमच्या घरात वंशपरंपरेने येतो. दिवसेंदिवस तिला कमी दिसत गेलं. चुलीशी हात भाजला, उंबऱ्याला पाय लागला, शेजारच्या सत्यवतीकाकीला समोर असून ओळखेना. मी ओरडायची, ती ऐकून घ्यायची, आणि कॅम्पची गाडी तिच्यावाचून जायची.

अशात गेल्या वर्षी ती जाहिरात आली. अजित जिथे तासावर शिकवत होता त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राची एक जागा, पर्मनंट, आणि आमच्या प्रवर्गाला राखीव. अजित तिथे वर्षानुवर्षं शिकवतोय, डॉक्टरेट आहे, अर्ज करणाऱ्यांत त्याच्या तोडीचं कुणी नाही. तिथल्या एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलंसुद्धा, "या वेळी तुमचंच." मलाही वाटलं हो. खोटं कशाला बोलू. पहिल्यांदाच मी मनातल्या मनात पेढे कुठून आणायचे ते ठरवलं.

आदल्या दिवशी आईने शर्ट धुतला. मी म्हटलं, मी धुते. तिने मला हात लावू दिला नाही. मी उपकेंद्रात होते, म्हणून मी बघितलं नाही, पण काय झालं असणार ते मला समजतं. मोतीबिंदूत सगळ्यावर पिवळट पडदा येतो, आणि निळा रंग आधी विझतो. आईने पुरचुंडी फिरवली, हात पाण्यात धरला, तिला निळं काही दिसलंच नाही. तिला वाटलं पूड जुनी झाली. तिने आणखी फिरवली. मग आणखी.

सकाळी मी माझ्या घरून इस्त्री घेऊन गेले तर दोरीवर निळा शर्ट. एकसारखाही नाही, कॉलरपाशी गडद, पाठीवर ढगाढगांचा. मी तोंड उघडलं. अजित दारात उभा होता, त्याने ओठावर बोट ठेवलं.

आई पायरीवर बसली होती. "कसा निघालाय रं?"

"छान, आई," अजित म्हणाला.

"कोनतं पांढरं?"

"कँडिडस. चांदण्यासारखं."

"मंग जा," ती म्हणाली, आणि वंदनेला हात जोडले.

मी त्याला घरामागे ओढलं आणि म्हटलं, दुसरा घाल, तो चौकटीचा घाल, वाटेत बदल. तो म्हणाला, "ताई, रंग बघून कोण जागा देतंय? आणि इतकी वर्षं पांढरा घालून काय मिळालं?" मी त्या शर्टाला इस्त्री केली. अजित तोच घालून गेला.

दुपारी उपकेंद्रात लसीकरण चालू होतं. पोरं रडत होती, आया बसल्या होत्या. अजित आला आणि औषधांच्या खोक्यावर बसला. मी एक सुई टोचायची, एक वाक्य ऐकायचं, असं करत मला सगळं समजलं.

आत पाच जण बसले होते. त्यातला एक त्याच्याकडे बघून म्हणाला, "अरे वा, निळ्यात आलात. आज तुमचा काही कार्यक्रम आहे का?" बाकीचे हसले. अजित म्हणाला, नाही सर, आईचा हात लागला. मग त्यांनी गाव विचारलं, वडील काय करायचे ते विचारलं. विषयाचं विचारलं ते एवढंच, की झाडांच्या नावांची मुळं शिकवून मुलांचं पोट भरणार आहे का? आता माझा भाऊ कसा, त्याला वाटलं खरंच विचारतायत. त्याने त्यांना कँडिडसची सगळी गोष्ट सांगितली, खडूने घासलेला अंगरखा आणि सगळं. तेव्हा तो पहिला म्हणाला, "म्हणजे तुमच्याच हिशेबाने तुम्ही कँडिडेट नाही. शर्ट निळा आहे." सगळे मोठ्याने हसले.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मीपण हसलो, ताई."

माझ्या हातात सुई होती. मी ती खाली ठेवली, बाळाच्या आईला जरा थांब म्हटलं, आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. असं वाटलं, जाऊन एकेकाचं थोबाड रंगवावं. पण थोबाडं रंगवून कुणाला नोकरी लागल्याचं ऐकलेलं नाही.

"त्या शर्टाने काही बिघडलं नाही," मी बाहेर आल्यावर अजित म्हणाला. "मी आत गेलो तेव्हा त्यांनी माझा अर्ज उघडलेलासुद्धा नव्हता. शेवटपर्यंत उघडला नाही. आधीच ठरलं होतं."

निकाल कॉलेजच्या वेबसाइटवर आला. त्या जागेसाठी योग्य उमेदवार आढळला नाही. एवढंच. दुसऱ्या कुणाला घेतलं असतं तर शिव्या घालायला एक माणूस तरी मिळाला असता. त्यांनी कुणालाच घेतलं नाही. जागा रिकामी ठेवणं त्यांना परवडलं, अजित परवडला नाही. आणि पुढच्या जूनला तो विषयच बंद केला, मुलं येत नाहीत म्हणून. जागा संपली, तासही संपले. आसपासच्या कॉलेजांतही तीच गत, सगळीकडे कॉम्प्युटर. आता जाहिरात येणारच नाही. हे मला समजलं, अजितला समजलं. आईला विषय बंद झाल्याचं आम्ही सांगितलं नाही.

पण घेतलं नाही, हे लपवणार कसं? निकालाच्या दिवशी अजित तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, या वेळीही नाही झालं."

ती म्हणाली, "शर्ट चांगला निघालेला?"

"चांगला निघालेला."

"चांदण्यावानी?"

"होय, आई."

"शिक्षान पुरं हाय?"

"आहे."

"जागा आपलीच व्हती?"

"होय."

"मंग का न्हाय घेतला?"

इतके शब्द येतात अजितला, एक सापडला नाही. आई त्याच्या दिशेने बघत होती, म्हणजे जिथून आवाज येत होता तिकडे. म्हणाली, "शर्टात खोट न्हाय, शिक्षानात खोट न्हाय. मंग जल्मातच खोट. ती कंच्या निळीनं जायाची रं?"

माझ्या आईच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या बापाने दीक्षा घेऊन ते सगळं मागे टाकलं म्हणून ती आयुष्यभर ताठ चालली. शेतावर मजुरीला गेली तरी कुणाच्या ओसरीखाली उभी राहिली नाही. आम्हाला शिकवलं, पोरांनो, जल्माला काय नसतं, माणूस धुतल्या तांदळासारखा येतो. आणि आता ती असं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्यानंतर तिने हात टेकले. विहारात जायची बंद झाली. ताट पुढे केलं तर दोन घास खाऊन सारायची. डोळ्यांचं काढलं तर म्हणायची, "आता काय बघायचंय?" मी ओरडले, विनवलं, अंगावर गेले. काही उपयोग नाही. सत्यवतीकाकी येऊन बसायची आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवायची. म्हातारं माणूस असं खाणंपिणं सोडून भिंतीकडे वळलं की पुढे काय होतं, ते मला माझ्या नोकरीने शिकवलंय.

एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर अजित तिच्या उशाशी बसला होता. पेटीतून तो शर्ट काढून त्याने तिच्या हातात दिला होता. शर्ट तसाच होता, मुलाखतीनंतर न धुतलेला.

"आई," तो म्हणाला, "मी खोटं बोललो. शर्ट पांढरा नव्हता. नीळ जास्त झाली होती. निळाच झाला होता शर्ट. आत गेल्या गेल्या सगळे त्याच्याकडेच बघायला लागले. त्यानेच घोटाळा झाला."

मी म्हणणार होते, अरे काय बोलतोयस, जन्मदात्या आईच्या माथी मारतोस? पण मी आईचं तोंड बघितलं. इतक्या दिवसांनी ती त्याच्याकडे वळली होती.

"माझ्या हातानं झालं?"

"होय."

"तुज्यात खोट न्हाय?"

"नाही, आई."

"आपल्यात?"

"नाही. नीळ जास्त झाली, बस."

तिने शर्ट छातीशी धरला आणि मोठा श्वास सोडला. रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिच्या तोंडावरची ती करपट कळा उतरली, आणि ती उठून भिंतीला टेकून बसली. "हात्तिच्या मारी," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनीच घात केला व्हय. येवढंच व्हतं तर आधी का न्हाय बोल्लास? दे गं सुचिता, ती पेज दे." वाटी पुरी केली आणि वर मला विचारते, "तुझा तो कॅम्प कंदी हाय?"

मी अजितकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता. आयुष्यात त्याने आईचं मन दुखवलं नाही, आणि पहिल्यांदा तिच्यावर ठपका ठेवला तो असा, न केलेल्या गुन्ह्याचा. त्या माणसांनी केलेलं पाप आम्ही आमच्या आईच्या नावावर लावलं, तेव्हा कुठे ती जेवली.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे झाले, एकामागून एक. मी दम देऊन तिला पाण्यापासून लांब ठेवलं, वाकू दिलं नाही, थेंब घातले. अजित आता नागावला एका नर्सरीवाल्याकडे जातो. मुंबईच्या लोकांचे नवे बंगले होतात, त्यांच्या बागांना झाडं पुरवतो, आणि हौशी मालक असला तर पट्ट्या लिहून देतो. सँटालम आल्बम, मोरस आल्बा. बाबांनी जिथे पाणी घातलं त्याच रस्त्याने जातो. आईला सांगितलंय, कॉलेजला सध्या तास कमी आहेत.

पाण्यात हात घालायची परवानगी मिळाली त्या दिवशी आईने तो शर्ट अंगणात नेला आणि उन्हात धरला. बघतच राहिली. "आग्गं बया," ती म्हणाली, "येवढा निळा? आन् ह्यो मुकाट घालून गेला?" आणि हसली, किती तरी दिवसांनी. मग तो भिजत घातला, लिंबू चोळलं, खळाळून काढला, वाळवला, पुन्हा भिजत घातला. सगळी नीळ उतरली तेव्हा नव्याने पुरचुंडी बांधली, दोनदा फिरवली, आणि तळहात पाण्यात धरून स्वतःच्या रेषा बघत बसली. मला हाक मारून दाखवल्या. साफ दिसत होत्या.

अजित कामावरून आला तेव्हा शर्ट दोरीवर होता. तिने विचारलं, "आता सांग. कोनतं पांढरं?"

"कँडिडस," तो म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

"मंग मुलाखत कंदी हाय?"

अजित शर्टाची बाही सारखी करत राहिला. "जाहिरात येईल, आई."

"येऊ दे," ती म्हणाली. "आता न्हाय चुकायची. आता मला समदं दिसतंय."

तेव्हापासून दर रविवारी ती तो शर्ट धुते, त्या मुलाखतीनंतर एकदाही न घातलेला, आणि मला विचारते, जाहिरात आली का गं. गावात फटकळ म्हणून माझं नाव आहे. दर रविवारी मी तोंड उघडते, आणि म्हणते, "अजून नाही, आई."